कोणता सापळा कायदेशीर? पादरा तालुक्यातल्या शेतकऱ्याला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुजरातेत वडोदऱ्याजवळच्या पादरा गावापाशी, मही नदीच्या कोतरांच्या (काठच्या घळींच्या) बाजूला एका मराठी कुटुंबाची भाजीपाल्याची शेती आहे. रानडुकरं रात्रीत सुरण आणि भुईमूग उकरून टाकतात. शेजारचा शेतकरी क्लचवायरचे फास लावतो. प्रश्न विचारणाऱ्यांना प्राणी मारायचा नाही, म्हणून त्यांनी ऑनलाइन जिवंत पकडायचा मोठा पिंजरा बघून ठेवला आहे. कॅनडातला भाचा म्हणतो की तिथे परवाना काढून मान्यता असलेले सापळे लावता येतात. तर आपल्याकडे कोणते सापळे चालतात? आणि वडोदरा शहरात दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या माळ्यावर उदमांजर आलं आहे, त्याला पिंजऱ्यात पकडून कामाटीबाग या शहरातल्या सार्वजनिक बागेत सोडलं तर चालेल का?

वडोदरा आणि आसपासच्या गावांत वन्यप्राणी सोडवण्याच्या कामात मी बरीच वर्षं वनखात्याच्या पथकांबरोबर आहे, आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपात सतत कानावर येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. रानडुकरासाठी तुम्हाला स्वतःहून कोणताही सापळा लावता येणार नाही. तारेचा फास नाही, लोखंडी खटका नाही आणि तो जिवंत पकडायचा पिंजराही नाही. उदमांजराचंही तेच.

याचं कारण आपल्या कायद्याच्या रचनेत आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मारणं आणि विष घालणं तर त्यात आहेच, शिवाय पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकून कोंडीत आणणं, आमिष दाखवणं, आणि यातल्या प्रत्येकाचा नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारच आहे. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणंही त्यात येतं. म्हणजे पिंजऱ्यात केळी किंवा मका ठेवून तुम्ही दार उघडं ठेवलंत, तेव्हाच कायद्याच्या भाषेत शिकारीचा प्रयत्न झाला. डुक्कर आत आलं की नाही, तुम्ही ते मारणार होता की दूर नेऊन सोडणार होता, याने गुन्हा आहे की नाही हे बदलत नाही. कलम ९ सांगतं की पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या (कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या याद्यांतल्या) प्राण्यांची शिकार करायची नाही, आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे.

भाचा जी पद्धत सांगतो तशी एके काळी आपल्याकडेही होती, हे आज फार थोड्यांच्या लक्षात आहे. १९७२ च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते, आणि त्यांत वन्यप्राणी सापळ्याने पकडण्याचा एक वेगळा परवाना होता. तेव्हाच्या कलम १७ मध्ये निषिद्ध पद्धतींची यादीसुद्धा होती: जाळी, खड्डे, फास, विष, स्फोटकं, गाडीतून पाठलाग, पाणवठ्यावर दबा धरणं. सापळे वापरायचे तर ते त्या परवान्यापुरतेच. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती सगळी कलमं काढून टाकली. परवानाच उरला नाही, मग परवान्यावर कोणता सापळा चालेल ही यादीही उरली नाही. म्हणून आज कुणी 'मान्य सापळ्यांची यादी' शोधत असेल, तर ती सापडणार नाही. आपल्या कायद्यात सापळ्याच्या प्रकाराला मान्यता मिळत नाही. परवानगी मिळते ती ठराविक प्राण्यासाठी, ठराविक कारणासाठी, ठराविक अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने.

इथे बडोद्याच्या वाचकांसाठी थोडं विषयांतर करतो. शिकारीच्या त्या व्याख्येत शिकारी प्राण्याकडून पाठलाग करवून घेणंही आहे. आपल्या संस्थानाला ही गोष्ट नवी नव्हती. गायकवाडी काळात इथे चित्ते बाळगून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत. चित्ता बंदिवासात जवळजवळ वीतच नसे, म्हणून प्रत्येक शिकारी चित्ता रानातूनच फास लावून धरावा लागे, आणि तोही वयात आलेला, आईकडून शिकार शिकलेला. शतकानुशतकं रानातला वयात आलेला चित्ता असा उचलला गेला. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. त्या फासाने प्राणी मरत नव्हता, जिवंतच हाती येत होता. तरीही रान रिकामं झालं. 'मी मारत नाही, फक्त पकडतो' असं कुणी म्हटलं की मला हे सांगावंसं वाटतं.

आता शेजाऱ्याच्या फासाबद्दल, कारण खरी काळजी तिथे आहे. क्लचवायर किंवा सायकलच्या ब्रेकची तार कुंपणाच्या फटीत वाटोळी करून बांधतात. डुक्कर मान घालतं, पुढे रेटतं आणि गाठ आवळत जाते. पण तारेला समोर कोण आहे हे कळत नाही. डुकराच्या उंचीवर लावलेल्या फासात बिबट्या बहुतेक वेळा कमरेत अडकतो, कारण डोकं आणि खांदे निघून जातात आणि तो उडी मारायला बघतो. वडोदऱ्याच्या पूर्वेला वाघोडिया ओलांडलं की जांबुघोड्याचं रान फार लांब नाही, आणि बिबट्या उसातून, ओढ्यातून कुठवर येईल याचा नेम नसतो. तार कमरेत बसली की कातडी शाबूत दिसली तरी आतला रक्तपुरवठा तुटलेला असतो. डॉक्टरांनी भूल देऊन तार कापली, प्राणी उठून उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तीनचार दिवसांनी त्या पट्ट्यातलं मांस मरून सडू लागलं, असं घडतं. म्हणून फासातून सुटलेला प्राणी त्याच संध्याकाळी सोडून देऊ नये, काही दिवस निरीक्षणाखाली ठेवावा, असा आग्रह आम्ही धरतो. जमलेल्या लोकांना ते आवडत नाही, पण त्याला इलाज नाही.

शेजारी म्हणेल, मी डुकरासाठी लावला होता, बिबट्या अडकला त्यात माझा काय दोष? हे म्हणणं टिकत नाही, कारण डुकरासाठी फास लावणं हाच मुळात गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि तिने दंडही वाढवले. सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल, म्हणजे बिबट्या, मगर, अजगर, मोर, नाग, तर कैद किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं, आणि दंड किमान २५ हजार. ज्या तारेने, पिंजऱ्याने किंवा गाडीने गुन्हा झाला ती जप्त होऊन सरकारची होते. अभयारण्यात तर सापळा किंवा जाळं घेऊन परवानगीशिवाय पाऊल टाकणंही गुन्हा आहे, कारण कायद्याच्या लेखी सापळा, फास आणि जाळं ही बंदुकीसारखीच शस्त्रं आहेत.

खटका, म्हणजे दातेरी किंवा सपाट लोखंडी जबड्याचा, पाय पडताच मिटणारा सापळा, याबद्दल फार लिहीत नाही. तो पायाचं हाड मोडतो, आणि सुटायच्या धडपडीत प्राणी स्वतःचाच पंजा चावून तोडतो. ब्रिटनने १९५४ च्या कायद्याने त्यावर बंदी आणली, ती १९५८ पासून लागू झाली. युरोपीय संघात १९९५ पासून पाय पकडणारे असे सापळे बंद आहेत. आपल्याकडे वाघांच्या चोरट्या शिकारीत तो वापरला गेला आहे. कुणी विकायला आणला तर वनखात्याला कळवा.

भाच्याचं म्हणणं खोटं नाही, त्याच्या देशापुरतं खरं आहे. कॅनडा, रशिया आणि युरोपीय संघ यांच्यात १९९७ मध्ये दयार्द्र सापळ्यांच्या निकषांबद्दल करार झाला, अमेरिकेशी त्याला समांतर समझोता झाला. त्यात १९ जातींची यादी आहे, आणि त्या जाती बहुतेक फरसाठी पकडल्या जाणाऱ्या आहेत. मारणाऱ्या सापळ्याची चाचणी किमान १२ प्राण्यांवर करायची आणि त्यांतले ८० टक्के ठरलेल्या वेळात बेशुद्ध झाले पाहिजेत. ती वेळ अर्मिन या मुंगसाएवढ्याहून लहान प्राण्याला ४५ सेकंद, तर बहुतेक जातींना ३०० सेकंद. जिवंत धरणाऱ्या सापळ्याची चाचणी किमान २० प्राण्यांवर, आणि त्यांतल्या ८० टक्क्यांना हाड मोडणं, स्नायूबंध तुटणं, गर दिसेल असा दात तुटणं, स्वतःला चावून इजा करून घेणं असं काही झालेलं नसलं पाहिजे. तीनशे सेकंद म्हणजे पाच मिनिटं. आणि शंभरातल्या वीस प्राण्यांबद्दल तो निकष काहीच हमी देत नाही. मला तो करार निरुपयोगी वाटत नाही. जिथे फरचा धंदा चालूच राहणार होता तिथे त्याने निदान मोजमाप आणलं. पण 'मान्यताप्राप्त' हा शिक्का बघून तो सापळा निर्दोष आहे असं कुणी समजू नये, आणि तिथला शिक्का इथे परवानगी म्हणून चालत नाही.

मोजमापाची ती यादी मला कामाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी. जिवंत पकडण्याचा पिंजरा आपोआप दयाळू ठरत नाही, हे ती दाखवते. बिबट्या गजांना चावून सुळे मोडतो, नखं उपटून घेतो. सुळा मोडलेला बिबट्या पुढे शिकार कशी करणार? म्हणून चांगल्या पिंजऱ्याला आतून मोकळे गज नसतात, बाजू बंद असतात, आमिषाची शेळी पलीकडच्या वेगळ्या कप्प्यात सुरक्षित असते, पिंजरा सावलीत असतो आणि वरचेवर तपासला जातो. मे महिन्यात पादऱ्याच्या उघड्या रानात दुपारभर लोखंडी पिंजऱ्यात अडकलेला प्राणी उष्माघाताने मरेल, त्याला फासाची गरज पडणार नाही.

कायद्यात दयेचा भाग आहे तो नेमका इथे. कलम ११ प्रमाणे पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा होणार नाही इतका जखमी वा आजारी असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक, आपल्याकडे ते गांधीनगरला बसतात, कारणं लिहून परवानगी देऊ शकतात. पण प्राणी पकडणं, भूल देणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही. पकडताना आणि हलवताना प्राण्याला कमीत कमी आघात होईल अशीच पद्धत वापरली पाहिजे, असं स्पष्टीकरण त्या कलमालाच जोडलेलं आहे. एवढं एकच वाक्य, पण आमचं सगळं काम त्यावर उभं आहे.

विश्वामित्रीच्या मगरीचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांच्या आवारात शिरल्या ते सगळ्या देशाने पाहिलं. मगर दोरात अडकवल्यावर तिला दमवून दमवून काबूत आणायचं, हे बघणाऱ्याला सोपं आणि शूरपणाचं वाटतं. पण मोठी मगर फार वेळ झगडली की स्नायूंत आम्ल साचतं, आणि वरून धडधाकट दिसणारी मगर काही तासांनी मरू शकते. म्हणून गळ्यात फास पडला की डोळ्यांवर ओलं पोतं टाकायचं, कारण अंधार झाला की ती शांत होते. मग जबडा बांधायचा. मगरीचे जबडा मिटणारे स्नायू प्रचंड, पण उघडणारे दुबळे, त्यामुळे साधी पट्टी पुरते. नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. पाय करकचून बांधायचे नाहीत. गावतळ्यात माशांच्या जाळ्यात गुंतलेली मगर बुडून मरते हेही लोकांना ठाऊक नसतं, तिला श्वासाला वर यावंच लागतं. तळ्यात मगर दिसली म्हणून लगेच पिंजरा मागवू नका. जिथे ती कुणाला त्रास देत नाही तिथे पकडण्याचं कारणच नाही.

आणि दूर नेऊन सोडणं हा उपाय वाटतो तितका चांगला नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना उपग्रहाचे ट्रान्समीटर लावून दूर सोडलं, त्या शेकडो किलोमीटर पोहून घरी परतल्या. आपल्या महाराष्ट्रात जुन्नरच्या बाजूला बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले, आणि जिथे सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढल्याचं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी बावरतो, तिथल्या दुसऱ्या प्राण्याशी भांडतो, वस्तीकडे येतो. केंद्राच्या २०११ च्या बिबट्याविषयक मार्गदर्शक सूचना त्यानंतर आल्या. नुसता दिसला म्हणून बिबट्याला पकडू नये, हा त्यांचा गाभा आहे.

तुमच्या उदमांजराला हेच लागू आहे. शेजारचे गुजराती लोक ज्याला वणियर म्हणतात तो हा प्राणी दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या लाकडी घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. तो संरक्षित आहे. कामाटीबागेत सोडणं म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी देणं, आणि पकडून वाहून नेणं हा वेगळा गुन्हा. असं करा: रात्री दिवा बंद करून तो कुठून बाहेर पडतो ते बघा. माळ्यावर पिल्लं नाहीत याची खात्री करा. चिरकण्याचा बारीक आवाज आला तर पिल्लं आईबरोबर हिंडू लागेपर्यंत थांबा. मग तो खाऊन यायला बाहेर गेला की ती फट जाळीने बंद करा आणि छपरावर टेकलेली फांदी छाटा. यात पकडणं नाही, कोंडणं नाही. धूर किंवा फटाके लावू नका.

घरच्या उंदरांचं वेगळं आहे. उंदीर या कायद्याच्या अनुसूचीत नाहीत, चाप किंवा पिंजरा लावता येतो. पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्रत्येक जिवाला लागू आहे, उंदरालाही. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड, ही रक्कम साठ वर्षांहून जास्त काळ तीच आहे, आणि तिची लाज वाटावी. कायदा लहान वाटला तरी चिकट गोंदाचा पुठ्ठा लावू नका. उंदीर त्यावर दोनदोन दिवस तडफडतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना तो बंद करायला सांगितलं आहे आणि अनेक राज्यांनी तसे आदेश काढले आहेत. उंदरामागून आलेला नागही त्यावर चिकटतो, मग तुमच्या स्वयंपाकघरात पहिल्या अनुसूचीतला प्राणी मरत पडलेला असतो. असं झालंच तर ओढू नका, खाद्यतेल बाजूने सोडत ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. शेताभोवती लावलेल्या नायलॉनच्या बारीक जाळीतही साप असेच अडकतात. पीक निघालं की ती जाळी गुंडाळून आत ठेवा.

लाल तोंडाच्या माकडाबद्दल पुष्कळ गैरसमज आहे म्हणून एक वाक्य. २०२२ च्या दुरुस्तीत ते अनुसूचीतून वगळलं गेलं, पण १९६० चा कायदा त्याला लागू आहेच, आणि वडोदऱ्यात जास्त दिसणारा काळ्या तोंडाचा वानर संरक्षितच आहे.

आता पुन्हा तुमच्या सुरणाकडे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. कायद्यात ही वाट आहे. अर्ज आर.एफ.ओ. म्हणजे वनक्षेत्रपालाच्या कचेरीत द्या, सोबत सातबाऱ्याचा उतारा, उकरलेल्या वाफ्यांचे तारखेसहित फोटो, आणि शक्य असेल तर तलाठ्याचा पंचनामा जोडा. परवानगी आली तर तिच्यात लिहिलेला भाग, मुदत आणि पद्धत यांच्या बाहेर जायचं नाही. बिहारमध्ये २०१५ च्या शेवटी नीलगाय आणि रानडुक्कर काही जिल्ह्यांत ठराविक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर झाले होते, त्याचा हवाला कुणी देईल. तो आदेश केंद्राचा होता आणि त्याच भागापुरता होता. पादऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

माझ्या मते तुम्हाला अर्जापेक्षा कुंपण जास्त उपयोगी पडेल. सौर झटका कुंपण चालतं, कारण त्याचं यंत्र साधारण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभर झटका देतं. प्राणी दचकून मागे जातो, मरत नाही. डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, नाहीतर ते खालून घुसतं, आणि तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला गवत कापावं लागतं. कंपनीचं यंत्र घ्या, गावातल्या मिस्त्रीने जोडलेलं नको. गुजरात सरकारची यासाठी मदतीची योजना आहे, अर्ज आय-खेडूत पोर्टलवर भरतात. खांबावरून थेट वीज तारेत सोडणं मात्र कधीही नाही. त्यात डुक्कर मरतं, गाय मरते, आणि पहाटे पाणी सोडायला आलेला तुमचा भागीदार मरतो. मग वीजचोरी, वन्यजीव कायदा आणि मनुष्यवध अशी तिन्ही कलमं एकदम लागतात.

राहिला शेजाऱ्याचा फास. रिकामा दिसला तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि बीट गार्डला, म्हणजे तुमच्या भागातल्या वनरक्षकाला, दाखवा. शेजारी ऐकणारा असेल तर आधी त्याला हे सगळं सांगून बघा, त्याचंही पीक जातच आहे. दोघांच्या बांधावरून एकच सौर कुंपण गेलं तर खर्चही वाटला जाईल. फासात प्राणी जिवंत असेल तर जवळ जाऊ नका, तार कापू नका, पाणी पाजायला जाऊ नका. गर्दी दोनशे पावलं मागे ठेवा, गाड्यांचे हॉर्न आणि मोबाइलचे दिवे बंद करवा आणि वनखात्याला फोन करा. भुलीची बंदूक घेऊन डॉक्टर येईपर्यंत प्राणी जितका कमी झगडेल तितकी तार कमी रुतेल.